कप्पेवाल्याची शेवटची गाडी

आमच्या जावयाने माझा चष्मा मोडला तो बसून. म्हणजे जावई बसला आणि चष्मा मोडला. दोष त्याचा नव्हता. लेकीच्या नव्याकोऱ्या गाडीत चष्मा ठेवायला कुठे जागाच नव्हती, म्हणून मी तो दोन मिनिटांसाठी सीटवर ठेवून खाली उतरले होते. त्याआधी मी सवयीने वर आरशाजवळ हात नेला होता, छतातली ती छोटी डबी दाबून उघडायला. तिथे सपाट कापड. दारात बघितलं तर एक बाटली जाईल एवढंच भोक. स्टिअरिंगच्या बाजूला नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. मध्ये मात्र जेवणाच्या ताटाएवढा पडदा, आणि त्यावर बाहेरचं तापमान, आतलं तापमान आणि गाण्यांची यादी.

"आई, हल्ली नसतात गं कप्पे. सगळं फोनमध्ये असतं ना," लेक म्हणाली.

"बरं. चष्मा फोनमध्ये कसा ठेवायचा तेवढं दाखव," मी म्हटलं.

जावई बिचारा कान लाल करून काचा गोळा करत होता. मागच्या सीटवर बसलेले हे मात्र हसले नाहीत. एरवी माझी फजिती झाली की यांना कोण आनंद होतो! त्यांनी फक्त पुढे झुकून वर हात नेला, जिथे डबी असायची तिथलं कापड चाचपलं आणि हात परत मांडीवर ठेवला. मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय.

हे म्हणजे माझा नवरा. गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. तिथे इंजिनवाले असतात, चाकवाले असतात, रंगवाले असतात, आणि माझा नवरा कप्पेवाला. हे नाव कारखान्यातल्या लोकांनीच ठेवलंय. चष्म्याची डबी, सुट्ट्या नाण्यांची खाच, पार्किंगची चिठ्ठी धरणारी चिमटी, सीटखाली सरकणारा ड्रॉवर, पिशवी अडकवायचा हूक, असल्या बारीकसारीक जागा काढायचं काम त्यांचं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मामाने विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" वडील म्हणाले, "गाडीतली भोकं." मामा अर्धा दिवस गप्प होता.

मी गाडी शिकवते. बावीस वर्षं झाली, माझा स्वतःचा क्लास आहे, एकच गाडी आणि एकच शिक्षिका. गावातल्या निम्म्या लोकांनी माझा ओरडा खाल्लाय. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ज्याने केली, त्याने एखाद्या नवशिक्याला गाडी मागे घेताना नक्की पाहिलं असणार. क्लच कडक आहे, आरसा वाकडा आहे, भिंत मध्येच आली, सगळं ऐकून झालंय.

तर आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशेजारी एक खुर्ची आहे. तिचे पाय यांनी कापून गाडीच्या सीटच्या उंचीचे केलेत, त्यामुळे पाहुणा तिच्यावर बसला की हनुवटी टेबलाला लागते. ही परीक्षेची खुर्ची. कारखान्यात मोजमापं व्हायचीच, यंत्रं होती, माणसाच्या आकाराचे पुतळे होते. पण शेवटी कप्पा दोन बोटं इकडे की दोन बोटं तिकडे, हा निर्णय आमच्या घरी व्हायचा. हे फोमचा नाहीतर पुठ्ठ्याचा नमुना आणायचे, स्टुलावर पक्का बसवायचे, मला त्या खुर्चीवर बसवून डोळ्यांवर टॉवेल टाकायचे आणि म्हणायचे, "न बघता."

मी हात पुढे करायची. पहिल्याच फटक्याला बोटं कप्प्यात गेली तर पास, चाचपावं लागलं तर नापास. कणीक मळताना उठून, तापात पडलेली असताना उठून, लेक पोटात असताना पोट सावरत, मी एकतीस वर्षं हात पुढे केलाय. यांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, 'हिचा हात – ६१ सेंमी.' माझा वाढदिवस त्या वहीत कुठेही नाही.

त्या दिवशी लेकीकडून घरी आल्यावर यांनी बूट काढले आणि सांगितलं. चार महिन्यांनी निवृत्ती. हातात असलेली गाडी शेवटची. तिच्यासाठी यांनी सात कप्पे काढले होते. सातही कप्प्यांवर लाल रेघ मारून यादी परत आली होती.

"सातही?"

"सातही. शुक्रवारी शेवटची बैठक आहे. त्यानंतर नकाशात काही बदलता येणार नाही."

रेघ मारणारी बाई खर्च कमी करणाऱ्या विभागाची प्रमुख. तिला सगळे कात्रीबाई म्हणतात. यांचं तिच्याशी भांडण नव्हतं, आणि हेच मला जास्त झोंबलं. कोणी वाईट माणूस असता तर मी त्याला दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. कात्रीबाईने म्हणे कारण नीट लिहून दिलं होतं. जुन्या गाड्यांमध्ये कॅमेरे लावून चाळीस चालकांचे हात महिनाभर पाहिले. चाळीसपैकी अडतीस जणांनी कप्प्यांना हातसुद्धा लावला नाही. जे वापरलंच जात नाही त्यावर पैसा का घालायचा?

"बरोबर आहे तिचं," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "एक तरी राहायला हवा गं. सात नको. एक. एवढी वर्षं हेच केलं, आणि शेवटच्या गाडीत बोट घालायला जागा नाही, असं होऊन निवृत्त व्हायचं नाहीये मला."

यांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. जेवायला बसले की मीठसुद्धा स्वतःहून मागत नाहीत.

बुधवारी सकाळी माझ्या एका विद्यार्थिनीला शिकता शिकता गरगरायला लागलं. नाश्ता न करता आली होती. मी तिला डाव्या बाजूला बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. आता गंमत सांगते. मी गाडी शिकवते, पण क्लासची ती गाडी मी चालवत नाही. मी बसते डावीकडे, शेजारच्या सीटवर, जिथे माझ्या पायाशी जादा ब्रेक आहे. सकाळी क्लास उघडल्यापासून बंद होईपर्यंत उजवीकडे कोणीतरी घाबरट बसलेलं असतं. क्लासशेजारीच गाडी उभी असते, घर चालत दोन मिनिटांवर. बाहेरगावी जाताना चालवतात ते हे. त्यामुळे बावीस वर्षं मी उंटावरून शेळ्या हाकतेय म्हटलं तरी चालेल.

गाडी यांच्याच कारखान्याची, सगळे कप्पे असलेली. सिग्नलला थांबले, घसा सुकला होता, म्हणून खोकल्याची गोळी घ्यायला मी न बघता हात नेला. बोटं प्लास्टिकवर आपटली. मला वाटलं हात चुकला. पुन्हा नेला. पुन्हा आपटली. कप्पा तिथे नव्हता. कप्पा दोन-तीन बोटं पलीकडे होता, आणि तिथे पोचायला मला खांदा वाकवावा लागला. मागचा हॉर्न वाजवायला लागला तरी मी बघतच होते. शेजारच्या पोरीने उजवा हात सहज उचलला, कप्प्यातून गोळी काढली आणि मला दिली. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

घरी आले ती सरळ परीक्षेच्या खुर्चीपाशी. खुर्चीच्या डावीकडे फ्रिज. म्हणून स्टूल कायम उजवीकडे. म्हणून मी कायम उजवा हात पुढे केलेला. पण गाडी चालवणारा उजवीकडे बसतो, आणि त्याचा डावा हात मध्ये येतो. माझ्या तर डोक्यातच शेजारची सीट बसलेली. एकतीस वर्षं मी चुकीच्या सीटवर बसून यांना पास-नापास करत होते, आणि दोन बोटं इकडे की तिकडे हे ठरवताना हे प्रत्येक वेळी माझ्याकडे झुकले होते.

आणि यांच्या कसं लक्षात आलं नाही? तेही सांगते. दिव्याखाली अंधार. गाडीत मी शेजारी असले तर हे हात पुढे करतात आणि मी वस्तू देते. मी नसले तर चष्मा, पेन, चिठ्ठी, सगळं शर्टाच्या खिशात. कप्पेवाल्याने स्वतः कधी कप्पा वापरलाच नाही.

आता सांगायचं कसं? खरं सांगते, न सांगायचा विचार आला. चार महिने तर राहिलेत. पण शुक्रवारी तिथे उभं राहून हे भांडणार, आणि त्यांना माहीतही नसणार की लोकांनी कप्पे का वापरले नाहीत. ते मला सहन होईना. संध्याकाळी ते आले, हात धुतले, आणि मी म्हटलं, "आधी बसा. त्या खुर्चीवर बसा. आणि डावा हात पुढे करा."

ते बसले. मी फ्रिज सरकवून स्टूल डावीकडे ठेवलं, जुन्या नमुन्यातला कप्पा गाडीत चालकापासून जेवढ्या अंतरावर असतो तेवढ्यावर लावला, डोळ्यांवर टॉवेल टाकला. हात पुढे आला आणि आपटला.

टॉवेल न काढताच त्यांनी बोटांनी कप्प्याची कड शोधली.

"सगळ्या गाड्यांत?" टॉवेलमधूनच विचारलं.

"सगळ्या."

"फ्रिजमुळे?"

"फ्रिजमुळे आणि माझ्यामुळे."

टॉवेल काढला तेव्हा मला वाटलं डोळे भरलेले असतील. नव्हते. ते उठले, वही आणली, पानं उलटत बसले. गाडीमागून गाडी. मी भांडी घासताना मागून म्हणाले, "शुक्रवारी येशील का तू?"

"कशाला? आरोपी म्हणून?"

"हात म्हणून."

शुक्रवारी मी क्लास बंद ठेवून गेले. खोली लांबट, मध्ये नव्या गाडीच्या आतल्या भागाचा लाकूड आणि फोमचा पुरा नमुना, दोन सीट, स्टिअरिंग, पडदा. कात्रीबाई माझ्या लेकीहून थोडीच मोठी. केस घट्ट बांधलेले, हातात खरंच लाल पेन. मी येणार हे यांनी आधी सांगून ठेवलं होतं, तिने उठून मला खुर्ची दिली. रागवायला जागाच देत नव्हती.

यांनी उभं राहून सगळं खरं सांगितलं. फ्रिज, खुर्ची, टॉवेल, डावा हात, उजवा हात. "चालकांनी कप्पे वापरले नाहीत कारण ते दोन बोटं लांब होते. चूक माझी आहे," म्हणाले. "आमची," मी मध्ये बोलले.

खोलीतले तीन-चार जण हसले. कात्रीबाई हसली नाही. तिने मान डोलावली आणि शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. पण मग प्रश्नच मिटला ना? वापरत नाहीत हे तर खरंच. आता तर का वापरत नाहीत तेही कळलं. आणि कप्पे नव्या जागी नेऊन पुन्हा चाचणी घ्यायला वेळ नाहीये."

झालं. हात दाखवून अवलक्षण. यांचा चेहरा पडला, आणि मला स्वतःचाच राग आला. मी गप्प बसले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

कात्रीबाईने खातरजमा म्हणून भिंतीवर ते कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. कोणीतरी तरुण गाडी चालवतोय, कॅमेरा त्याच्या हातांवर. त्याचे हात स्टिअरिंगवर, गिअरवर, परत स्टिअरिंगवर. बैठकीतले एक साहेब म्हणाले, "बघा, कप्प्याकडे जातच नाही." आणि त्याच वेळी चित्राच्या डाव्या कडेने एक हात आत आला, चालकाला चष्मा दिला आणि गेला.

मी बघत राहिले. थोड्या वेळाने तोच हात पुन्हा आला. हातात चिठ्ठी होती. मग रुमाल. मग सुटी नाणी. हातात बांगडी होती, बोटं जरा सुजलेली. कॅमेऱ्यात तिचा चेहरा नव्हता, मनगटापर्यंतच काय ते दिसत होतं.

"थांबवा," मी म्हटलं. क्लासमधला आवाज निघाला, त्याला माझा इलाज नाही. सगळे दचकले, एका माणसाने तर पाय ब्रेक दाबल्यासारखा आपटला. तो माझाच विद्यार्थी निघाला. "हा हात कोणाचा?"

कात्रीबाईने कागद पाहिले. "चालकाची आई असेल. शेजारच्या माणसाची नोंद नाही ठेवली आम्ही. चालकाचेच हात मोजायचे होते."

"आणि ती या वस्तू काढतेय कुठून?"

कात्रीबाईने चित्रण मागे नेलं आणि स्वतः बोटांवर मोजायला लागली. अकरा. चाळीस मिनिटांत अकरा वेळा. दुसरं लावलं. तिथे बायको होती, ती सतरा वेळा. तिसऱ्यात एक म्हातारेबुवा, बहुतेक सासरे, दर पाच मिनिटांनी कप्प्यातून काहीतरी काढून स्वतःच खात होते.

"अहो, गाडी चालवणाऱ्याने कप्प्यात हात घालूच नये," मी म्हटलं. "बावीस वर्षं मी हेच ओरडतेय. नजर रस्त्यावर, हात चाकावर. त्याला काय हवं ते शेजारच्याने द्यावं. शेजारी माणूस बसतो ना, तो काय नुसता देखावा बघायला?"

कात्रीबाई पेनचं टोपण लावत-काढत राहिली. मग यांच्याकडे वळली. "सर, तुमचं चुकलं नव्हतं. आम्ही मोजलं चुकीच्या माणसाला." तिने हे इतकं सरळ म्हटलं की मला ती एकदम आवडली. "पण सात मी देऊ शकत नाही. एकसुद्धा कठीण आहे. नवा भाग म्हटला की नवा नंबर, नवा साचा, नवी तपासणी. तेवढा वेळ नाही."

तेव्हा हे हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा. खिशातून पेन्सिल काढली, खिशातूनच, आणि तिच्याच कागदाच्या मागे रेघा मारायला लागले. शेजारच्या सीटसमोर जो प्लास्टिकचा मोठा भाग असतो, त्याच्या मागच्या बाजूला मजबुतीसाठी फासळ्या असतात. त्यातल्या दोन फासळ्या थोड्या सरकवायच्या आणि पुढची बाजू उघडी ठेवायची. मध्ये जी पोकळी राहते तो कप्पा. नवा भाग नाही, नवा नंबर नाही. साच्याचं काम पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचं होतं, म्हणजे रेघ बदलली की झालं.

"झाकण?" कात्रीबाईने विचारलं.

"नाही."

"आत दिवा?"

"नाही. न बघताच हात जायचा."

तिने कागद उजेडात धरला. एका आकड्यावर बोट ठेवलं. "हे एकसष्ट काय आहे?"

"शेजारच्या प्रवाशाचा हात," हे म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "प्रमाण माप."

मी छताकडे बघितलं. तोंड उघडलं असतं तर हसू बाहेर पडलं असतं, नाहीतर रडू. काय ते मला आजही सांगता येणार नाही.

"एक," कात्रीबाई म्हणाली आणि लाल पेनाने बरोबरची खूण केली.

निवृत्तीनंतर दीड महिन्याने ती गाडी रस्त्यावर आली. आम्ही जुनी देऊन तीच घेतली. लेक म्हणाली, "आई, जरा मोठी घ्यायची होती." तिला मी कप्पा दाखवला. तिने आत हात घातला आणि म्हणाली, "अय्या, किती बरोबर जागी आहे!" तिचा हात माझ्यावरच गेलाय.

पहिल्या दिवशी शहराबाहेर लांब निघालो. चालवत हे होते, मी डावीकडे. कप्प्यात माझा नवा चष्मा, त्यांचा उन्हाचा चष्मा, खोकल्याच्या गोळ्या आणि एक रुमाल. समोरून तशाच दोन गाड्या गेल्या, एक पांढरी, एक निळी. निळीत शेजारच्या सीटवर कोणीतरी बाई होती. मला वाटलं, हिला माहीतही नसणार की तिच्या गाडीतला कप्पा माझ्या हाताच्या अंतरावर आहे. आणि असल्या गाड्या आता कुठे कुठे जाणार! तो विचार मनात आला आणि मी इतकी सुखावले की खिडकीबाहेर बघत बसले. आमच्याकडे तोंडावर काही गोड बोलायची पद्धत नाही. यांनी जे सांगायचं होतं ते कारखान्याच्या नकाशात लिहून टाकलं, आणि तेही प्रमाण माप म्हणून.

वळणावर ऊन समोर आलं. यांनी नजर रस्त्यावर ठेवून डावा तळहात माझ्यापुढे पसरला.

"काय हवंय?" मी विचारलं.

"दे तू."

मी न बघता हात घातला आणि त्यांच्या तळहातावर खोकल्याची गोळी ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे बारीक करून थोडा वेळ तशीच गाडी चालवली आणि मग हात पुन्हा पुढे केला.